रात्री दोनचं प्रेशर

फेब्रुवारी उजाडला की आमच्या धंद्यात एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल करारांच्या, रिन्यूअलची धावपळ सुरू होते. बहुतेक करार ३१ मार्चला संपतात. त्याआधी महिनाभर परचेसवाल्यांच्या टेबलावर कोटेशनं पडलेली असतात आणि आम्हाला बोलावून घासाघीस चालते. हिंजवडीतल्या एका दहा मजली आयटी इमारतीची बीएमएस आमच्याकडे होती. बीएमएस म्हणजे इमारतीचा एसी, पंप, एक्झॉस्ट पंखे, पाण्याच्या टाक्या, जनरेटर हे सगळं एका पडद्यावर दाखवणारी आणि त्यातलं बरंचसं आपणहून चालवणारी यंत्रणा. बैठकीत परचेसचे साहेब मला म्हणाले, "एक सांगा, तुम्ही नक्की करता काय? दर महिन्याला मुलगा येतो, पॅनलमध्ये ब्लोअर मारतो आणि सही घेऊन जातो. तेच काम दुसरे लोक तीस टक्के कमी दरात करायला तयार आहेत."

मला राग आला नाही. सर्व्हिस रिपोर्टवर खरोखर तेवढंच असायचं: पॅनल साफ केलं, टर्मिनल घट्ट केली, डीडीसीचा (पॅनलमधल्या कंट्रोलरचा) सप्लाय २४ व्होल्ट, सेन्सरचं रीडिंग येतंय, ओके, ओके, ओके. करारात जे लिहिलं होतं ते पार पडत होतं, आणि त्याची किंमत ते विचारत होते. पूर्वी कंपन्यांना एक आधार असायचा. कंट्रोलर आमचे, सॉफ्टवेअर आमचं, दुसऱ्या कोणाला हातच लावता यायचा नाही. १९९५ मध्ये बॅकनेट, म्हणजे अशा उपकरणांनी एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा, हे अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या एसी इंजिनिअरांच्या संस्थेचं मानक झालं आणि पुढे जवळपास सगळ्या कंपन्यांची उपकरणं ती भाषा बोलायला लागली. पासवर्ड आणि लायसन्सची कटकट अजून आहे, पण 'आमच्याशिवाय जाणार कुठे' हा तोरा संपला. माझ्या मते बरंच झालं.

फॅसिलिटी मॅनेजर मॅडम तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "दर नंतर ठरवू. आधी मला हे सांगा, पुण्यात फेब्रुवारीत बाहेर ३२ डिग्री असताना आमचे दोन चिलर का चालतात? एसीवाले म्हणतात लोड आहे. तुमची बीएमएस काय म्हणते?"

चिलर म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारं मोठं यंत्र, आणि लोड म्हणजे थंडाव्याची मागणी. बीएमएस काहीच म्हणत नव्हती, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी एक दिवस मागितला, आणि तो दिवस कुठलंही पॅनल न उघडता घालवायचा असं ठरवलं.

सकाळी कंट्रोल रूममध्ये गेलो तेव्हा डेस्कवरचा मुलगा अलार्म अ‍ॅक्नॉलेज करत होता. वाचत नव्हता, नुसता क्लिक करत होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. फिल्टर चोक, दार उघडं, टाकीची पातळी, सगळे अलार्म एकाच लाल रंगात आणि एकाच आवाजात, दिवसाला हजाराच्या वर. अशा ठिकाणी दोन दिवसांत माणसाचा कान बधिर होतो. मी त्याला म्हटलं, "ते राहू दे. मला मागच्या महिन्याचे ट्रेंड काढून दे."

ट्रेंड म्हणजे ठरावीक वेळाने साठवलेली रीडिंग. बऱ्याच इमारतींत हे चालू करून ठेवलेलं असतं आणि डिस्क भरल्याचा अलार्म येईपर्यंत कोणी बघत नाही. इथे पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद होती. चिलर प्लँटचे पॉइंट, म्हणजे एकेका सेन्सरची आणि कमांडची नोंद, एकाखाली एक लावत गेलो. एका ठिकाणी रेघ सरळ दिसली. थोडीशी वरखाली होणारी सुद्धा नाही, फूटपट्टीने मारल्यासारखी. सेकंडरी पंपांच्या हेडरवरच्या (मुख्य पाइपवरच्या) डीपीटीचं, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यातला दाबाचा फरक मोजणाऱ्या सेन्सरचं रीडिंग: ०.८२ बार. दुपारी ०.८२, संध्याकाळी ०.८२, रविवारी ०.८२. रात्री दोन वाजता प्लँट पूर्ण बंद असतानाही ०.८२.

पंप बंद असेल तर फरक शून्याजवळ यायला हवा. पाणी ढकलणारं कोणी नसताना हा दाब आला कुठून?

इथे यंत्रणेची रचना थोडी सांगावी लागेल. या इमारतीत ३५० टनांचे (टन हे थंडाव्याचं माप) तीन चिलर आहेत, त्यातला एक स्टँडबाय. प्रत्येक चिलरला आपला एक प्रायमरी पंप, तो ठरावीक पाणी फिरवतो. इमारतीत वरखाली पाणी पाठवतात ते सेकंडरी पंप. त्यांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण, असतो, त्यामुळे मागणी कमी झाली की ते हळू व्हायला हवेत. मागणी कळते ती या डीपीटीवरून. सेटपॉइंट, म्हणजे राखायचा आकडा, होता १.२ बार. सेन्सर कायम ०.८२ सांगतोय म्हटल्यावर कंट्रोलर बिचारा सकाळी प्लँट चालू झाल्यापासून पंपाला '५० हर्ट्झ, अजून जोर लाव' असंच सांगत राहिला. ग्राफिक्सवर पंप हिरवा, सेन्सरला आकडा, व्हीएफडी ऑटोमध्ये. चुकीचं असं काहीच दिसत नव्हतं.

खाली प्लँटरूममध्ये गेलो. तिथे एसीवाल्या कंपनीचे एक जुने टेक्निशियन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचा करार वेगळा, आमचा वेगळा. इतकी वर्षं एकाच यंत्राला दोन्ही कंपन्यांचे हात लागत होते, पण एकत्र चहा सुद्धा झाला नव्हता. मी विचारलं, "मामा, सेकंडरी पंप कधीपासून असा पळतोय?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. लॉगबुकची पानं मागे उलटली आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: 'सेकं. पंप २ आवाज जास्त. कळवले.' मग म्हणाले, "हेडरचा व्हॉल्व्ह बदलला ना, त्यानंतर. कळवलं होतं मी. पंपवाले येऊन बघून गेले, बेअरिंग ठीक आहे म्हणाले. तुम्हाला कोण कळवणार? तुमचं काम तर वरच्या कॉम्प्युटरचं."

हेडरच्या मागे वाकून बघितलं. डीपीटीला दोन बारीक नळ्या जातात आणि प्रत्येकीवर एक छोटा कॉक असतो. दोन्ही कॉक आडवे. व्हॉल्व्ह बदलताना पाणी येऊ नये म्हणून पायपिंगवाल्यांनी बंद केले आणि काम झाल्यावर निघून गेले. दोन्ही बाजूंचा दाब नळ्यांत अडकला आणि तेव्हापासून सेन्सर तोच सांगत बसला. रिपोर्टवरची 'रीडिंग येतंय, ओके' ही ओळ अक्षरशः खरी होती.

लगेच कॉक उघडायला मामांनी मला अडवलं, आणि ते योग्यच होतं. पंपाचा वेग एकदम घसरला तर वरच्या मजल्यांवर काय होईल, कोणी सांगावं. आधी व्हीएफडी ५० वर हॅन्डला टाकला, म्हणजे आपोआप बदलणार नाही असा अडकवला, मग कॉक उघडले. डीपीटीने उडी मारून २.३ बार दाखवले. हेडरवरच्या दोन गेजमधला फरकही तेवढाच. मग वेग पायरीपायरीने खाली आणत शेवटी ऑटोला दिला. पाऊण तासाने पंप ३६ हर्ट्झवर स्थिर झाला. व्हीएफडीच्या डिस्प्लेवर आधी २६ किलोवॅट होते, आता दहाच्याही आत. पंख्या-पंपांचा नियम सांगतो की वेग कमी केला की वीज त्याच्या घनाच्या हिशेबाने कमी होते. प्रत्यक्षात इतकं नेमकं नेहमी जुळत नाही, त्या दिवशी मात्र जुळलं.

पण मॅडमचा प्रश्न पंपाचा नव्हता, चिलरचा होता. आणि मला सगळ्यात मजा आली ती इथून पुढे.

दाब २.३ बारवर गेला की एएचयूचे, म्हणजे मजल्यांवर गार हवा सोडणाऱ्या यंत्रांचे, पाण्याचे व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीत. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची ताकद ठरलेली असते, पाणी त्याला रेटून आत घुसतं. पडद्यावर व्हॉल्व्ह १० टक्के दिसतो, कारण पडदा आपण दिलेली कमांड दाखवतो. खरी जागा कळायला फीडबॅकची वायर लागते आणि ती प्रकल्पाच्या वेळी खर्च वाचवायला गाळलेली असते. तर पंपाजवळच्या खालच्या मजल्यांत नको तितकं गार पाणी शिरत होतं. ते एएचयूच्या कॉइलमधून पुरतं न तापताच परत यायचं. डिझाइनप्रमाणे पाणी ७ ला जाऊन १२ ला परत यावं. इथे जेमतेम तीन डिग्रीचा फरक पडत होता.

हिशेब कागदावर मांडला. त्या दुपारचा लोड होता साधारण २८० टन. पाच डिग्रीच्या फरकाला त्यासाठी तासाला १६९ घनमीटर पाणी पुरतं. तीन डिग्रीच्या फरकाला २८२ लागतं. एका चिलरचा प्रायमरी पंप देतो २१२. कमी पडणारं सत्तर घनमीटर पाणी कुठून येणार? जाणारा आणि परतीचा पाइप जोडणाऱ्या मधल्या बायपासमधून, परतीचं कोमट पाणी उलटं फिरून. म्हणजे चिलर ७ डिग्रीचं पाणी देतोय आणि इमारतीत ८ च्या आसपास जातंय. नववा मजला, पश्चिमेची काच, दुपारी चार. फोन येणारच. आणि ऑपरेटरकडे एकच औषध: दुसरा चिलर चालू करा. थंडावा एका चिलरमध्ये पुरेसा होता. दुसरा चिलर चालत होता तो निव्वळ पाणी पुरवायला.

मॅडमच्या तक्रार वहीत हे सगळं आधीपासून लिहिलेलं होतं. दुसरा-तिसरा मजला: फार थंड. नववा: गरम. दुसऱ्या मजल्यावर मुली शाली घेऊन बसतात म्हणून तिथला एएचयूचा ब्लोअर, म्हणजे पंखा, कोणीतरी ६० टक्क्यांवर हॅन्डला टाकलेला, नवव्याचा १०० वर हॅन्डला. हे करणाऱ्यांना मूर्ख म्हणायचं कारण नाही. समोर तक्रार होती, हातात जे बटण होतं ते त्यांनी दाबलं. मी मात्र त्या दिवसापासून हॅन्डवर टाकलेला प्रत्येक पॉइंट ही न नोंदवलेली तक्रार समजून वाचायला लागलो.

दुपारी दुसरा चिलर बंद करायचा की नाही यावर वाद झाला. मॅडम म्हणाल्या, "नवव्या मजल्यावर क्लायंट व्हिजिट आहे. काही झालं तर मी तुमचं नाव सांगणार." मी म्हटलं, सांगा. मामा बटणापाशी उभे राहिले, मी बायपासचं तापमान बघत बसलो. तासाभरात जाणारं पाणी ७ वर आलं, परतीचं पावणेबारावर. नवव्या मजल्यावरून फोन आला नाही. दुसऱ्या मजल्यावरून आला: आज एसी बंद आहे का? ब्लोअर ६० वर अडकवलेला होता ना. तो ऑटोला दिला.

संध्याकाळी परचेसच्या साहेबांना जे दाखवलं त्यात पॅनलचा एकही फोटो नव्हता. सेकंडरी पंपाचे १६ किलोवॅट वाचले. दुसऱ्या चिलरबरोबर फिरणारा प्रायमरी पंप, कंडेन्सर पंप आणि कूलिंग टॉवरचा पंखा मिळून साधारण ४०. दहा तासांचे साडेपाचशे युनिट. चिलरचा स्वतःचा फरक मी मुद्दाम धरला नाही. अर्ध्या लोडवर दोन आणि पूर्ण लोडवर एक यातलं स्वस्त काय, हे यंत्रावर अवलंबून असतं आणि मला न मोजलेला आकडा द्यायचा नव्हता.

साहेबांनी लगेच पकडलं: "मग हे दिवाळीपासून का नाही दिसलं?" मी म्हटलं, "तुम्ही व्हिजिटचे पैसे देता, आम्ही व्हिजिट देतो. पंप रात्री बंद असताना सेन्सर काय सांगतो हे बघायचं काम तुमच्या करारात नाही, एसीवाल्यांच्याही नाही." ते थोडा वेळ आकडे बघत राहिले. नंतर दर मात्र एक पैसाही वाढवून दिला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

कराराचा मजकूर बदलला. दर महिन्याची पॅनल सफाई तिमाहीवर गेली. धूळ झटकायला इंजिनिअर लागत नाही, घरचा इलेक्ट्रिशियन ते करतो. वाचलेले तास ट्रेंड वाचायला. डीपीटी आणि मुख्य तापमान सेन्सर आमच्या गेजशी, थर्मामीटरशी ताडून बघायचे आणि दोन्ही आकडे रिपोर्टवर लिहायचे, ओके लिहायचं नाही. अलार्मची छाटणी केली. प्रोग्रॅमचा बॅकअप इमारतीच्या मालकाकडे ठेवायचा. यावर आमच्याच ऑफिसात कुरबुर झाली, कारण बॅकअप हातात असला की गिऱ्हाईक सुटतं असं आमच्या साहेबांना वाटतं. मला तसं वाटत नाही. महिन्यातून एकदा मामा, डेस्कवरचा मुलगा आणि आम्ही लॉगबुक घेऊन एकत्र बसायचं, हे कलम मॅडमनी स्वतः घातलं. कुणाच्या कराराचं काम हा वाद त्या तासात काढायचा नाही, अशी त्यांची अट.

पहिल्या बैठकीत हॅन्डवर असलेल्या पॉइंटची यादी काढली. एकतीस निघाले. प्रत्येकापुढे कोणी टाकला आणि का, असे दोन रकाने. काहींची कारणं दिवाळीबरोबरच संपली होती, ते तिथल्या तिथे ऑटोला गेले. काहींमागे तुटलेला डँपर (हवेची झडप) किंवा मेलेला सेन्सर निघाला, त्यांची स्पेअरची ऑर्डर गेली. दहाव्या मजल्यावरच्या एका केबिनचा सेटपॉइंट २० वर हॅन्डला आहे. त्याच्यापुढे कारणाच्या रकान्यात मामांनी 'साहेब' एवढंच लिहिलंय, आणि मॅडमनी त्यावर सही केली आहे.