फोरहँड सुधारायचाय? आधी बॉल कुठं लागतोय ते बघा

आमच्या बेळगावात टेनिस बॉल म्हटलं की पहिल्यांदा क्रिकेटच आठवतं. टिळकवाडी म्हणा, शहापूर म्हणा, वडगाव म्हणा, रविवारी सकाळी कुठल्याही मोकळ्या जागेत त्याच बॉलवर मॅच चालू असते आणि आपण सगळे त्यातच वाढलोय. त्यामुळं तिशी-पस्तिशीत कोणी टेनिस शिकायला आलं की हातात रॅकेट असते पण शॉट बॅटचाच निघतो. नव्यानं कोर्टवर येणाऱ्या बऱ्याच जणांत मला हेच दिसतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूया.

क्रिकेटमध्ये आपल्याला काय सांगितलेलं असतं, तर बॉल येऊ दे, उशिरा खेळ, डोळ्याखाली खेळ. तिथं ते बरोबरच आहे. टेनिसच्या ग्राउंडस्ट्रोकला, म्हणजे टप्पा पडल्यावर मारायच्या फोरहँडला (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका) किंवा बॅकहँडला (उलट बाजूचा), मात्र बॉल अंगाच्या पुढं लागायला पाहिजे, पुढच्या पायाच्याही जरा पुढं, साधारण कमरेच्या उंचीला, आणि हात मोकळा असताना. आमचे सर तर मराठीत सांगून दमले की कन्नडातून 'मुंदे, मुंदे' करून ओरडतात. माझं तर म्हणणं आहे की ग्रिप (रॅकेटची पकड), फूटवर्क, फॉलो-थ्रू (बॉल लागल्यावर रॅकेट पुढं नेणं), हे सगळं शिकायचं ते या एका गोष्टीसाठीच.

रील्स बघून लोक फेडरर, नदाल, जोकोविचची नक्कल करायला जातात. पण नीट बघा की, फेडरर आणि नदाल हात जवळजवळ सरळ ठेवून फोरहँड मारायचे, जोकोविचचा कोपर वाकलेला असतो. ग्रिपही तिघांची वेगवेगळी, नदालची रॅकेट तर कितीतरी वेळा मारून झाल्यावर डोक्यावरून मागं जायची. एवढं सगळं वेगळं असूनही तिघांचाही बॉल लागतो अंगाच्या पुढंच. म्हणजे नक्कल करायचीच असेल तर याची करा, डोक्यावरून रॅकेट फिरवायची नको.

एक प्रयोग सांगतो, कोर्टवर गेलात की करून बघा. फोरहँडची ग्रिप धरून रॅकेटच्या तारा नेटच्या खांबाला टेकवा, रॅकेट पुढच्या पायाच्या पुढं येईल असं उभं राहा आणि जोर लावून ढकला. पाय, कंबर, खांदा सगळ्यांचा जोर खांबावर जातोय हे लगेच कळतं. आता एक पाऊल पुढं सरका, म्हणजे रॅकेट कमरेच्या मागं राहील, आणि परत ढकला. मनगट लगेच हार मानतं. बॉल उशिरा घेतला की नेमकं हेच होतं, मग ती कसर भरून काढायला माणूस मनगटानं झटका देतो आणि कोपर दुखायला लागतो.

आता बॉल पुढं घ्यायचा म्हणजे हात लवकर फिरवायचा असं लई जणांना वाटतं. तसं नव्हे, तयारी लवकर करायची. समोरच्याच्या रॅकेटवरनं बॉल सुटला, तो फोरहँडला येतोय की बॅकहँडला हे कळलं की त्याच क्षणी खांदे वळवायचे. त्यासाठी डावा हात रॅकेटच्या गळ्यावर ठेवायचा आणि दोन्ही हातांनी मिळून रॅकेट वळवायची, मग खांदा आपोआप वळतो, नुसता उजवा हात मागं नेला तर छाती नेटकडंच राहते. तुमच्या बाजूला टप्पा पडेपर्यंत रॅकेट तयार पाहिजे. टप्पा पडल्यावर रॅकेट मागं न्यायला लागलात तर उशीर झालाच म्हणून समजा. आणि समोरचा मारतोय त्या वेळी छोटीशी उडी, तिला स्प्लिट स्टेप म्हणतात, त्यानं पाय जागे राहतात. पुढची पावलं मोठी नको, बारीक बारीक.

नवीन असाल तर रॅलीच्या मागं लागण्याआधी ड्रॉप फीड करा. बाजूला वळून उभं राहायचं, डाव्या हातानं बॉल डाव्या पायाच्या पुढं सोडायचा, टप्पा पडून वर आला की खालून वर रॅकेट नेत मारायचा. डावखुऱ्यांनी सगळं उलट बाजूनं. मारून झाल्यावर लगेच बॉलच्या मागं बघत बसू नका, जिथं लागला तिथंच नजर ठेवा क्षणभर. बॉल तारांवर जेमतेम 4 ते 5 मिलिसेकंद असतो, तेवढ्यात काही दुरुस्ती करता येत नाही, जे काय करायचं ते आधीच. अजून एक, हिरव्या ठिपक्याचे बॉल मिळाले तर तेच घ्या, ते नेहमीच्या बॉलपेक्षा सुमारे 25 टक्के हळू असतात. मोठ्या माणसांना ते घ्यायची लाज वाटते, पण वेळ मिळाला तरच शॉट नीट बसतो, यात लाज कसली.

मग मारायचा कुठं? क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरपा, समोरच्या कोपऱ्याकडं. नेट मधोमध 3 फूट आणि खांबापाशी साडेतीन फूट असतं, क्रॉसकोर्ट मारताना बॉल बहुतेक वेळा कमी उंचीच्या भागावरून जातो. शिवाय सरळ लांबी 78 फूट, तर सिंगल्सच्या कोर्टात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेब्याऐंशीच्या आसपास, म्हणजे जागाही जास्त. नेटच्या वर एक रॅकेट उभी धरलीय असं मनात आणा आणि तिच्या डोक्यावरून बॉल काढा. नेटला घासून मारायचा मोह क्रिकेटमधूनच येतो बहुतेक, तिथं बॉल जमिनीलगत ठेवला की शाबासकी मिळते ना. टॉपस्पिनसाठी, म्हणजे बॉलला पुढच्या बाजूला फिरकी द्यायला, मनगट बॉलवर गुंडाळायची गरज नाही, गुडघे वाकवून रॅकेट बॉलच्या खाली न्यायची आणि वर घासत जायचं, फिरणारा बॉल स्वतःच खाली वळतो.

दोन हातांचा बॅकहँड मारत असाल तर थोडक्यात एवढंच, की तो बराचसा डाव्या हाताचा फोरहँड आहे. नुसत्या डाव्या हातानं रॅकेट जरा वर धरून हळूहळू बॉल मारत राहा, बॅकहँड लवकर सुधारतो.

पावसाळ्यात आपल्याकडं जून ते सप्टेंबर बाहेरचं कोर्ट मिळायचं काही खरं नाही, आणि भिजलेल्या बॉलवर तर खेळूच नका, तो जड होतो आणि हातावर ताण येतो. त्या दिवसात पार्किंगची किंवा शेडखालची भिंत शोधा. जवळ उभं राहू नका, भिंतीवरून बॉल लई लवकर परत येतो आणि वळायला वेळच मिळत नाही, तर लांब जा आणि दोन टप्पे पडू द्या. नेटच्या उंचीला खडूनं एक रेघ मारा, तिच्या वर अजून एक, आणि दुसऱ्या रेघेच्या वर मारत राहा. जोर वाढवायची घाई नको, दहातले सात-आठ बॉल पुढं लागायला लागले की मगच वाढवा.