डाव्या बाजूचा बंद

सकाळी पर्स खुंटीला अडकवायच्या आत मालकांचा निरोप आला, केबिनमध्ये या. टेबलावर एक मोठी कापडी पिशवी आणि पिशवीवर आमचीच इन्स्पेक्शन स्लिप. खाली माझी सही.

"ताई, सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. मी एका गारमेंट युनिटमध्ये क्वालिटी बघते. ११ वर्षं झाली. पिशवीत हॉस्पिटलचे गाऊन होते, पेशंटला घालतात ते, मागून उघडे. मानेशी दोन बंद, कमरेशी दोन बंद. ४०० गाऊन तीन आठवड्यांपूर्वी गेले होते, त्यातले ३७ परत आले होते.

या बंदाला प्रत्येक जण वेगळ्या नावाने हाक मारतो. आमच्या कागदावर ट्विल टेप, लाइनवर नुसतं टेप, हॉस्पिटलच्या सिस्टर त्याला नाडी म्हणतात. मी बंदच म्हणते. १२ मिलिमीटर रुंद, पांढरी, विणलेली पट्टी. रिळावर येते, स्टोअरमध्ये बटणं आणि लेबलांच्या शेजारी पडून असते आणि कापडाला जी तपासणी लागते त्यातली अर्धीही तिच्या वाट्याला येत नाही. कापडाचा तागा आला की आम्ही तो धुऊन बघतो, आटतो का, रंग सोडतो का. टेपचं रीळ आलं की मोजपट्टी लावायची, पांढरं आहे ना, झालं.

वॉर्डच्या सिस्टरना मी फोन लावला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे सांगितलं त्यांनी. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एका आजोबांना वॉकर धरून चालवत होते. भेटायला येणाऱ्यांची वेळ, कॉरिडॉर भरलेला. कमरेचा बंद सुटला. दोन्ही हात वॉकरवर, हात सोडले तर पडणार, नाही सोडले तर गाऊन उघडा. वॉर्डबॉयने चादर टाकली, पण मधे जेवढा वेळ गेला तेवढा गेलाच. त्यानंतर दिवसभर आजोबांनी पलंगावरून पाय खाली ठेवला नाही. "डॉक्टर म्हणतात चाला, आजोबा म्हणतात नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही एकदा येऊन बघा."

मी आधी वॉर्डमध्ये न जाता हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेले. कपड्याचं खरं काय होतं ते तिथे कळतं. तिथले मामा वीस वर्षं त्याच वाफेत उभे असलेले. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला खुर्चीसुद्धा दिली नाही. एक गाऊन उचलून माझ्या हातात ठेवला.

"गाठ सुटलेली नाही. बघा नीट."

मी तोपर्यंत हेच धरून चालले होते की गाठ सुटली असणार. आधीच्या ऑर्डरला पॉलिस्टरचा टेप होता आणि त्याची तीच तक्रार होती, गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते. म्हणून या वेळी हॉस्पिटलने मुद्दाम सुती टेप मागितला होता. सुताची गाठ धरून बसते. इथे गाठ जागेवरच होती. पण गाठीच्या मागची पट्टी पट्टी राहिली नव्हती. १२ मिलिमीटरच्या जागी मोकळ्या उभ्या धाग्यांचा झुबका, रंगाचा जुना ब्रश असतो ना, तसा. बोटभर विस्कटलेलं टोक मी समजू शकले असते. हा निम्म्या लांबीपर्यंत उसवला होता. अशा झुबक्यात गाठ मारली तरी ती कशाला धरणार?

"पाणी किती गरम?" मी विचारलं.

"७१ च्या वर. रोग्याचे कपडे आहेत, कोमट पाण्यात विसळून चालत नाही. मग पिळणं, मग ड्रायर, मग रोलरची इस्त्री. तुमच्या घरच्या मशीनसारखं नाही आमचं." हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा जास्तच रंगवून म्हटलं, पण बरोबर होतं. आमच्याकडे तपासताना कपडा कोरा असतो. इथे त्याचा रोज छळ होतो.

निघताना मी, खरं तर काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं की बंदांऐवजी वेल्क्रो लावून दिला तर? मामा पहिल्यांदा हसले. कोपऱ्यातून त्यांनी एक जुनं बी.पी.चं पट्ट्याचं कव्हर काढून दाखवलं. हुकांच्या बाजूत कापसाचा लगदा, केस, दोन रंगांचे धागे अडकून गच्च झालेले, चिकटण्यापलीकडे गेलेलं. "मशीनमध्ये हे सगळ्यांना चावत सुटतं," ते म्हणाले. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनियरला ती कल्पना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली आणि १९५५ साली त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं, हे मी कधीतरी वाचलं होतं. बोंडाचा स्वभाव त्याने मुळापासून उचललाय, कोणालाही धरतं. टिचबटण लावावं तर धातू, ते एक्स-रेत दिसतं आणि एमआरआयच्या खोलीत तर नकोच. म्हणून इतकी यंत्रं असलेल्या इमारतीतही पेशंटच्या पाठीवर अजून दोन पट्ट्यांची गाठच आहे.

दुपारी युनिटवर परतले आणि ३७ गाऊन लांब टेबलावर पालथे मांडले, सगळ्यांचे बंद पसरून. पहिली दहा मिनिटं नुसती बघत राहिले. मग दिसलं, आणि दिसल्यावर इतका वेळ दिसलं कसं नाही असं वाटलं.

उसवलेला बंद प्रत्येक गाऊनला डावीकडचा होता. कुठे मानेचा, कुठे कमरेचा, कुठे दोन्ही. उजव्या बंदांची टोकं पिंजारली होती, पण अर्धा इंच, फार तर पाऊण. तिथून पुढे पट्टी शाबूत. एकच रीळ, एकच मशीन, एकच पाणी, आणि तरी डावा मेला आणि उजवा जगला.

मास्तरांना बोलावलं. मास्तर म्हणजे आमचे कटिंग मास्तर, रिटायर व्हायला आलेले. त्यांचं पहिलं मत पडलं की पेशंट उजव्या हाताने डावा बंद ओढतात म्हणून. मला पटलं नाही. गाऊन मागून बांधतात, ते सिस्टर बांधतात, पेशंट नाही.

स्टोअरमधून त्याच रिळाचा हातभर तुकडा आणला आणि भिंगाखाली धरला. मधोमध माशाच्या काट्यासारखी वीण. तिरक्या रेघा एका बाजूला जातात, मध्यावर उलटतात. ती नक्षी नव्हे. सगळ्या रेघा एकाच दिशेला गेल्या तर पट्टीला पीळ पडतो, ती गुंडाळत जाते. उलटसुलट घेतल्या की दोन्ही बाजूंचा ओढा एकमेकांना मारतो आणि पट्टी सरळ पडते. इथपर्यंत मला माहीत होतं. काठ मात्र मी कधी भिंगाखाली धरले नव्हते. एक काठ साधा, आडवा धागा वळून परत गेलेला. दुसऱ्या काठावर बारीक साखळी. क्रोशाने घालतात तशी, एका फासातून दुसरा फास.

मास्तरांनी चष्मा वर करून बघितलं. "हा सुईमागाचा टेप आहे," ते म्हणाले. जुन्या मागावर धोटा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो, म्हणून दोन्ही काठ सारखे. सुईमागाला धोटा नाही. वाकडी सुई आडवा धागा दुहेरी करून एका बाजूने आत नेते, पलीकडच्या काठावर दुसरी छोटी सुई त्याचा फास पकडते आणि आधीच्या फासातून ओढून घेते. खूप भराभर विणलं जातं. साखळीत जादा कुलपाचा धागा घातला तर ती पक्की. नाही घातला तर ती धाग्याने स्वतःलाच धरून ठेवलेली साखळी.

"पोत्याचं तोंड उघडलंय कधी?" मास्तरांनी विचारलं.

उघडलंय की. प्रत्येकाने उघडलंय. एका टोकाने धागा ओढला तर ढिम्म हलत नाही, नखं तुटतात, शेवटी कात्री आणावी लागते. दुसऱ्या टोकाचा नेमका धागा सापडला की सुर्रकन पोतं या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं.

मी तुकड्याच्या एका टोकाचा आडवा धागा सुईने उचलून ओढला. दोन वेढे निघाले आणि अडकला. तुकडा फिरवला. दुसऱ्या टोकाने ओढला, आणि तो येतच राहिला. बोटाला गुदगुल्या होतील असा बारीक टकटक टकटक करत एकेक फास सुटत गेला, आणि हातभर पट्टी माझ्या मांडीवर उभ्या धाग्यांचा ढीग होऊन पडली. मास्तर काही बोलले नाहीत. मीही नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आजोबांची आठवणसुद्धा झाली नाही, इतकी मी त्या धाग्यात गुंतले होते. ती नंतर झाली.

आता डाव्याचं कोडं. बंद लावणाऱ्या बाईकडे गेले. हात चांगला, टाका एकसारखा, कामावरची जुनी बाई. तिला काही न सांगता म्हटलं, दोन गाऊनना बंद लावून दाखव. कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा तिच्या उजव्या हाताला. उजवी बाजू शिवताना तिने जवळचं टोक शिवणीत घातलं. डावी बाजू आली तेव्हा गाऊन फिरवायला जागा हवी म्हणून तिने गठ्ठा उचलून मांडीवर घेतला, आणि उचलताना तो उलटा झाला. म्हणजे उजव्या बंदाचं सुटणारं टोक शिवणीत बंदिस्त आणि डाव्याचं बाहेर मोकळं. ४०० गाऊनना तिने हे न चुकता केलं होतं. इतकं नेमकं काम तिने केलं नसतं तर मला काहीच सापडलं नसतं.

"माझं चुकलं का, ताई?" ती घाबरली होती.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. टेप चांगला असता, किंवा टोक बंद केलेलं असतं, तर गठ्ठा उलटा असो की सुलटा, काय फरक पडणार होता? टोक बंद का नव्हतं हाच खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला मनातल्या मनात आधीच कळलं होतं.

पॉलिस्टरचा टेप आम्ही गरम पात्याच्या कटरवर कापतो. पातं धागे वितळवत जातं, टोक आपोआप सील होतं, दुमडून शिवायची गरज नाही. टेप बदलून सुती आला. कटर तोच राहिला. सूत वितळत नाही, करपतं. मी काडी पेटवून दोन्ही टेपचा एकेक धागा जाळून दाखवला. पॉलिस्टर आखडत गेलं आणि टोकाला टणक काळा मणी झाला. सूत कागदासारखं जळलं, तसाच वास, आणि बोट लावताच राख उडाली. परत आलेल्या गाऊनच्या उरलेल्या टोकांवर, शिवाय स्टोअरमधल्या कापून ठेवलेल्या गठ्ठ्यांवर, ती करपट तपकिरी रेघ स्पष्ट होती. सगळ्यांनी ती पाहिली होती. कापणाऱ्याने, शिवणाऱ्या बाईने, मी. आणि सगळ्यांनी तिला सील समजून पुढे पाठवलं.

मालकांना हे सांगताना मी स्लिपच पुढे ठेवली. "बंद ओढून पाहिला" असं तिथे माझ्याच अक्षरात लिहिलेलं. पाहिला होताच. शिवणीशी धरून, जोर लावून. शिवण एकदाही सुटली नाही, आजही सुटलेली नाही. मोकळ्या टोकाकडे मी ढुंकून बघितलं नव्हतं. मालक थोडा वेळ गप्प राहिले, मग टेप देणाऱ्याला फोनवर जे बोलायचं ते बोलले. त्यातलं निम्मं मला लागू होतं असं मला वाटत राहिलं. टेप देणाऱ्याने सांगितलं की कुलपाच्या धाग्याचा माल वेगळा असतो आणि तुम्ही तो मागितलाच नव्हता. मागितला नव्हताच. वेगळा असतो हे आम्हाला माहीत कुठे होतं?

उरलेले ३६३ गाऊन परत मागवले. बंद काढून नवे लावणं सोपं वाटतं, पण धुतलेल्या कापडातून टाके उसवताना भोकं दिसतात, म्हणून मास्तरांनी सुचवलं की शिवणीला हात लावू नका. ज्या बंदांना धक्का लागला नव्हता त्यांची टोकं दोनदा दुमडून आडवा दाट टाका, बारटॅक, घातला. जे उसवले होते तेवढेच बदलले. दुमडलेल्या टोकाने बंद तीन सेंटिमीटर आखूड झाला, म्हणून एका जाड माणसाला बांधून पाहायचं ठरलं. आमच्या पॅकिंगमधल्या एकाला उभं केलं. युनिटमध्ये दिवसभरात तेवढंच हसू झालं.

सगळं आटपायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पहिला लॉट घेऊन मी स्वतः गेले. आधी वॉर्डमध्ये. आजोबा घरी गेले होते. सिस्टर घाईत होत्या, बरं म्हणाल्या आणि गेल्या. मी त्यांना सुईमाग आणि साखळी समजावून सांगायच्या तयारीत होते. राहिलं ते.

लाँड्रीत मामांनी गाऊन घेतला, डावा बंद शोधला, टोकाशी नख घालून धागा ओढायचा प्रयत्न केला. निघेना. दाताने करून पाहिला. मग गाऊन चालू होणाऱ्या मशीनमध्ये टाकला, दार लावलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा," म्हणाले. "हा आता चाळीस वेळा धुऊन निघू दे. मग बोलू."