तोडणीचा दिवस

माझे आजोळ दिंडोरी तालुक्यातले. आजोबांची तिथे द्राक्षबाग होती. 2001 मध्ये राज्याचे वाइन धोरण आल्यावर मामांनी तिच्यातला काही भाग शिराझ या लाल वाइनच्या, बियांच्या द्राक्षजातीखाली आणला, आणि मुंबईत आमच्या दादरच्या घरी राहून सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली माझी मामेबहीण आता तिथली छोटी वायनरी सांभाळते. तिच्या प्रयोगशाळेमुळे घरातले जुने ज्ञान अडगळीत गेले, असे आमचे मुंबईतले नातेवाईक म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही.

एप्रिलमध्ये नव्या फुटीसाठी खरड छाटणी, पाऊस सरल्यावर फळासाठी गोडी छाटणी आणि जानेवारीपासून तोडणी, हा नाशिककडच्या बागेचा क्रम. मणी भरू लागले की बहीण पहाटे ओळीओळीतून नमुने गोळा करते आणि रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या साखर मोजण्याच्या उपकरणाच्या काचेवर टाकते. साखर 24 ब्रिक्सच्या, म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे 24 ग्रॅमच्या, आसपास असेल, तर यीस्ट तिच्यापासून साधारण 13 ते 14 टक्के अल्कोहोल तयार करते. मात्र ऊन वाढले की साखर झपाट्याने चढते, आम्लता उतरते, आणि आकडा पुरा होऊनही बी कच्चीच राहू शकते. लाल वाइन सालीबियांसकट आंबवली जात असल्यामुळे कच्च्या बीतले टॅनिन हे कडवट, तुरट द्रव्य थेट वाइनमध्ये उतरते, आणि रिफ्रॅक्टोमीटरला बी दिसत नाही.

आजोबांच्या तरुणपणी बागेत भोकरी जातीची द्राक्षे होती, बियांची. मणी फोडून ते बी दाताखाली धरीत: हिरवी आणि चिवट लागली तर थांबायचे, तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली तर पाट्या काढायच्या. पुढे थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात आली आणि या पारखीला कामच उरले नाही. शिराझमुळे ती परत आली, हे मला या साऱ्या व्यवसायातले सर्वांत मोलाचे वाटते.

बहिणीच्या वहीत आता ब्रिक्स आणि पीएच (आम्लतेचे माप) यांच्याशेजारी बियांसाठी वेगळा रकाना आहे, आणि तो मामा भरतात. गेल्या हंगामात साखर पुरी झाली होती, तरी बी चावून मामा म्हणाले, "अजून थांब." तिने पीएच पुन्हा मोजला, आम्लता अजून तग धरून आहे याची खात्री केली आणि मजुरांना दोन दिवसांनी, उजाडण्यापूर्वी यायला सांगितले, म्हणजे घड तापण्याआधी टाकीपर्यंत पोचतील.