तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातली चांगली बर्बन कोणती?

डिसेंबर जवळ आला की फोन सुरू होतात. पुण्याहून मावसभाऊ, नाशिकहून कॉलेजातला रूममेट, कधी अमेरिकेतल्याच मराठी मंडळींपैकी कुणीतरी. ख्यालीखुशाली झाली की प्रश्न येतो: ‘तू केंटकीत राहतोस ना? मग फार महाग नसलेली, पण चांगली बर्बन सांग. नुसती पिता यावी आणि कशात मिसळताही यावी.’ लुईव्हिलमध्ये अकरा वर्षं झाली, आणि आजवर मी याचं उत्तर फोनवर घाईघाईत देत आलो. आज सवडीने लिहितो. (बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की, आणि केंटकी हे तिचं माहेरघर.)

नाव आधीच सांगतो: इव्हन विल्यम्स, पांढऱ्या लेबलची, ज्यावर ‘बॉटल्ड इन बाँड’ लिहिलेलं असतं ती. शेजारीच काळ्या लेबलची असते, ती नव्हे. इथे ही साधारण वीस डॉलरच्या आसपास मिळते, आणि हिच्या दुप्पट किमतीच्या कितीतरी बाटल्यांपेक्षा मला ही आवडते.

त्या तीन शब्दांसाठीच ती घ्यायची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली काहीही विकलं जाई. साध्या स्पिरिटला रंग आणि वास लावून जुनी व्हिस्की म्हणून खपवणारे व्यापारी माजले होते. केंटकीतले कर्नल एडमंड टेलर यांच्यासारखे डिस्टिलर त्याविरुद्ध उभे राहिले आणि 1897 साली ‘बॉटल्ड इन बाँड’चा कायदा झाला. हे शब्द लेबलवर लिहायचे तर दारू एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात गाळलेली हवी. सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान 4 वर्षं मुरलेली हवी. बाटलीत बरोबर 50 टक्के अल्कोहोल हवं, आणि ती कुठे गाळली ते लेबलवर छापलेलं हवं. हा नियम आजही लागू आहे. म्हणून दुकानात गोंधळ उडाला तर बाटलीचा आकार, मेणाचं सील, घोड्याचं चित्र सगळं सोडा आणि हे तीन शब्द शोधा.

तसं पाहिलं तर साध्या बर्बनवरही कायद्याची नजर कडक आहे. धान्यात किमान 51 टक्के मका, आणि मुरवायला आतून जाळलेलं ओकचं कोरं पिंप. वरून रंग किंवा स्वाद घालायला मनाई. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग चालतो, इथे चालत नाही. तो तांबूस रंग, व्हॅनिलाचा आणि करपलेल्या साखरेचा वास, सगळं त्या जळक्या लाकडातून उतरतं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही, त्यामुळे ती पिंपं जगभर जातात. गोव्यातली पॉल जॉन अशाच पिंपांत मुरते. ती आवडत असेल, तर बर्बनच्या गोडसर वासाशी तुमची ओळख आधीच झालेली आहे.

आता 50 टक्के कशाला, हेही बरेच जण विचारतात. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा 42.8 टक्क्यांच्या असतात, त्यामुळे हा आकडा ऐकून लोक बिचकतात. पण बर्फाचा हिशोब करून बघा. 60 मिलीच्या पेगमध्ये 30 मिली बर्फ वितळला, तर 40 टक्क्यांची दारू 27 टक्क्यांच्या खाली येते आणि चव पाणचट होते. 50 टक्क्यांची 33 वर थांबते. लिंबू, साखर, सोडा सगळं पडल्यावरही ती आपली चव सोडत नाही. नुसती पिताना जड वाटली तर चमचाभर पाणी घाला, वास लगेच मोकळा होतो. पाणी तुम्हाला हवं तेवढं घालता येतं, बाटलीत आधीच घातलेलं मात्र काढता येत नाही. (लेबलवर ‘100 प्रूफ’ दिसलं तर गोंधळू नका. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट. भारतातलं 75 प्रूफ वेगळ्या मापाचं, ते 42.8 टक्के.)

दुसरं नाव वाइल्ड टर्की 101, म्हणजे 50.5 टक्के. किंमत थोडी जास्त, चवही जास्त तिखट आणि भारदस्त. मिसळायला मला हीच आवडते. राय हे धान्य जास्त असलेली ओल्ड ग्रँड-डॅड बाँडेड (म्हणजे बॉटल्ड इन बाँडच) मिळाली तर तीही घ्या. उलट ज्यांना तिखटपणा नकोच, त्यांनी मेकर्स मार्क घ्यावी. तिच्यात रायऐवजी गहू असतो, म्हणून ती मऊ लागते. कोलाच घालायचा असेल तर साधी जिम बीम पुरे.

मागच्या दिवाळीत घरी चार मित्र होते. मी तीन बर्बन सारख्या स्टीलच्या वाट्यांत ओतल्या, नावं झाकली. त्यातली एक जवळजवळ नव्वद डॉलरची होती, कारण तिच्यासाठी लोक दुकानाबाहेर रांगा लावतात. चौघांपैकी तिघांनी पांढऱ्या लेबलची वाटी उचलली. त्या दिवसापासून टंचाईची किंमत मोजणं मी बंद केलं.

मिसळायचीच असेल तर व्हिस्की सावर करा. 60 मिली बर्बन, साखरेचा पाक 20 मिली, लिंबाचा रस. पाक एकतारीपर्यंत न्यायचा नाही, साखर आणि पाणी समसमान घेऊन विरघळेपर्यंतच गरम करायचं. इथे पिवळं लेमन वापरतात. आपलं कागदी लिंबू त्याहून झणझणीत, म्हणून रस 15 मिलीपासून सुरू करा आणि चाखत वाढवा. बर्फ भरपूर घालून मिनिटभर जोरात हलवा आणि गाळून घ्या. शेजारी खारे शेंगदाणे ठेवा, मक्याच्या गोडव्याला ते फार छान लागतात.

येताना विमानातून दोन लिटरपर्यंत ड्युटीशिवाय आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या सहज बसतात. यंदा एक पांढऱ्या लेबलची आणि एक 101 घेऊन येतोय. लिंबं तुम्ही आणून ठेवा.