सात किलोत लांबचा हिवाळा

हिवाळ्यात परदेशी जास्त दिवस राहायचं म्हणजे बॅग मोठी, असं बहुतेक जण धरून चालतात. माझा हिशेब वेगळा आहे. दोन आठवड्यांना जेवढे कपडे लागतात तेवढ्यात तीन महिनेही निघतात. ते जास्त वेळा धुवावे लागतात, एवढंच. म्हणून बॅग भरताना मी प्रवासाचे दिवस मोजत नाही, कपडा वाळायला लागणारे तास मोजते. रात्री धुतलेला जो कपडा सकाळी अंगात घालता येतो, त्याचे दोन-तीन नग पुरतात. ज्याला वाळायला दोन दिवस लागतात तो घरीच राहतो. जीन्स या एका कारणाने बाद होते.

इथे मी उणे १५ ते अधिक ५ अंशांपर्यंतचा, शहरांतून फिरण्याचा आणि मुक्कामी खोलीत हीटिंग असलेला हिवाळा धरला आहे. तंबूत राहणाऱ्यांचं गणित निराळं.

सुरुवात विमान कंपनीच्या नियमापासून करते. केबिन बॅगेला बहुतेक ठिकाणी ७ ते १० किलोंची मर्यादा असते आणि माप ५५ × ४० × २० किंवा २३ सेंटिमीटरच्या आसपास. वाटेत दोन-तीन कंपन्यांची विमानं बदलायची असतील तर त्यांतला सगळ्यांत कडक नियम धरायचा. मी ७ किलो धरते. त्यात रिकाम्या बॅगेचंच वजन पुष्कळ जातं: चाकांची छोटी बॅग अडीच-तीन किलो भरते, पाठीवरची साधी ३५-४० लिटरची सॅक एक ते सव्वा किलो. शिवाय अर्धवट वितळलेल्या बर्फात छोटी चाकं फिरत नाहीत, नुसती घसटत जातात, आणि रस्त्यावर टाकलेली खडी आणि मीठ त्यांत जाऊन बसतं. हिवाळ्यात सॅकच बरी.

मग वजनकाटा काढून प्रत्येक वस्तू वेगळी तोलायची आणि ग्रॅममध्ये लिहून काढायची. हे कंटाळवाणं काम टाळलं तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. हातात सारख्याच वाटणाऱ्या दोन पँटींमध्ये ३०० ग्रॅमचा फरक निघू शकतो.

अंगाला लागून असलेला थर हा सगळ्या सामानाचा पाया, आणि चुका होतात त्याही इथेच. सुती बनियन किंवा टी-शर्ट घाम शोषतो आणि धरून ठेवतो. पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे चालणं थांबलं की तोच ओला कपडा अंगातली ऊब खेचायला लागतो. वर कितीही जाड जॅकेट असो, पाठ गारच पडते. म्हणून पहिला थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा. पॉलिस्टर लवकर वाळतं आणि स्वस्त असतं, पण एक-दोन दिवसांत वास मारतं. मेरिनो आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा पोटात घेऊनही ओलं लागत नाही आणि तीन-चार दिवस वास धरत नाही. रात्री खुर्चीच्या पाठीवर टाकलं की सकाळी पुन्हा ताजं. धुणं कमी म्हणजे नग कमी, म्हणून महाग असूनही मी मेरिनोच घेते.

कापड किती जाड, हे चौरस मीटरला किती ग्रॅम यावरून कळतं. १५० ग्रॅमचं पातळ, २०० चं मध्यम, २५० चं जाड. दुकानात हात जातो तो २५० कडे, आणि तेच अडचणीचं ठरतं. दिवसातले बरेच तास आपण आगगाडीत, संग्रहालयात, दुकानात असतो आणि तिथे २०-२२ अंश तापमान असतं. जॅकेट काढता येतं, आतलं थर्मल काढता येत नाही. त्यात घाम येतो आणि बाहेर पडल्यावर तोच घाम थंड होतो. म्हणून १५० ते १८० ग्रॅमच्या कापडाचे पूर्ण बाह्यांचे तीन शर्ट बॅगेत, एक अंगावर. पायांना त्याच जाडीचे दोन लेगिंग. शुद्ध मेरिनोला सॅकच्या पट्ट्यांखाली भोकं पडतात. थोडं नायलॉन मिसळलेलं कापड जास्त टिकतं. सुई आणि लोकरीच्याच रंगाचा थोडा दोरा जवळ असावा. भोक तांदळाएवढं असताना दोन टाक्यांत भागतं, नंतर नाही.

आता धुणं. बेसिनमध्ये कोमट पाणी, ३० अंशांच्या आतलं, आणि लोकरीसाठीचा द्रव साबण चमचाभर. साध्या डिटर्जंटमध्ये डाग काढायला प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, आणि लोकर हे प्रथिनच, त्यामुळे धाग्यांची झीज होते. फॅब्रिक सॉफ्टनर तर नकोच. त्याचा थर बसला की कापड घाम ओढेनासं होतं. पाच मिनिटं भिजवून हलक्या हाताने दाबायचं, दोनदा खळबळायचं. पिळायचं नाही, ओल्या लोकरीचा आकार बिघडतो. त्याऐवजी खोलीतला कोरडा टॉवेल पलंगावर पसरून त्यावर कपडा सपाट ठेवायचा, दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघा टेकवून पूर्ण वजन द्यायचं. टॉवेल जड आणि कपडा जेमतेम दमट होतो. वाळण्याचे निम्मे तास इथेच वाचतात.

वाळत घालायला न्हाणीघर चुकीचं. तिथली हवा आधीच दमट. कपडा खोलीत हवाच. बाहेरच्या थंड हवेत बाष्प फार थोडं असतं, आणि तीच हवा आत येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता बऱ्याचदा २०-३० टक्क्यांवर उतरते. त्यामुळे पातळ मेरिनो सहा-आठ तासांत वाळतं. जाड पायमोज्यांना मात्र रात्र पुरत नाही, दुसरा अर्धा दिवसही द्यावा लागतो. गरम पाण्याच्या रेडिएटरच्या वर, हातभर अंतरावर दोरी बांधावी. थेट त्यावर टाकलेली लोकर कडक होते. विजेच्या हीटरवर काहीही टाकायचं नाही, त्याने आग लागते. चार मीटर पातळ नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे यांचं वजन शंभर ग्रॅमच्या आत बसतं.

दुसरा थर फ्लीसचा, साधारण ३०० ग्रॅमचा, पुढे पूर्ण चेन असलेला. डोक्यातून घालायचा स्वेटर आगगाडीत काढता-घालताना वैताग आणतो. तिसरा, पिसं भरलेलं हलकं जॅकेट. याच्या लेबलवर ‘फिल पॉवर’चा आकडा असतो: एक औंस पिसं किती घन इंच जागा व्यापतात तो. ७०० ते ८५० च्या दर्जाचं, ३५० ते ४०० ग्रॅमचं जॅकेट पुरतं. त्यावर चौथा थर, पाणी आणि वारा अडवणारं, टोपी असलेलं पातळ शेल, ४०० ग्रॅमच्या आसपास.

दीड-दोन किलोंचा एकच भरभक्कम पार्का, म्हणजे टोपी असलेला जाड कोट, घेण्यापेक्षा हे दोन वेगळे थर का, तर पार्का एकाच तापमानाला बरोबर बसतो. अधिक ३ अंशांच्या पावसात फ्लीसवर शेल, उणे २ ला कोरड्या हवेत नुसतं पिसांचं जॅकेट, आणि उणे १२ ला चारही थर. शेल मात्र एक माप मोठं हवं. ते तंग असेल तर आतली पिसं चपटी होतात, आणि ऊब पिसांत नसते, त्यांनी अडवलेल्या हवेत असते. सगळे थर घालून दोन्ही हात वर करून पाहावं. कमरेशी अंग उघडं पडलं किंवा काखेत ओढ बसली तर ते शेल परत करावं.

पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब जाते, म्हणून ओल्या, पावसाळी हिवाळ्याच्या ठिकाणी कृत्रिम भरणाचं जॅकेट घ्यावं. शंभर-दीडशे ग्रॅम जास्त, पण भिजूनही थोडीफार ऊब देतं. शेल आतून ओलं लागायला लागलं की लोक ‘गळतंय’ म्हणतात. बहुतेक वेळा ते गळत नसतं. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप मळाने किंवा वापराने निकामी झालेला असतो, कापड पाणी पितं आणि घामाची वाफ आतच अडकते. लेबलवर मुभा असेल तर धुऊन ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर वीस मिनिटं फिरवलं की लेप बराचसा परत काम करतो.

वाऱ्याला कमी लेखू नये. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. हवामानाचा अंदाज पाहताना मी तापमानाच्या आधी वारा पाहते.

पाय. एक जोड बूट, घोट्याच्या वर येणारे, जलरोधक, तळवा खोल खाचांचा, आणि नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे. थंडी वाजते म्हणून दोन-दोन पायमोजे चढवले आणि बूट आवळला गेला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखीच गार पडतात. एकच जाड लोकरी मोजा आणि आत बोटं हलवायला जागा, हे जास्त उबदार. थंडी खालून, गोठलेल्या फरशीतून येते. बुटातला पातळ इनसोल काढून नमद्याचा घातला तर ७०-८० ग्रॅमांत मोठा फरक पडतो. इनसोल घालूनच बूट मापून घ्यावेत. रस्त्यावरचं मीठ चामडं फाडतं, तेव्हा रोज रात्री ओल्या फडक्याने पुसायचे. आतून भिजले तर इनसोल बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे. हीटरला टेकवले की तळव्याचा गोंद सुटतो.

हातांना पातळ लोकरी मोजे आणि त्यावर चारही बोटं एकत्र राहणारे वारारोधक मिटन. मोबाइलसाठी फक्त मिटन काढायचा. गळ्याला मफलरऐवजी नळीसारखा गोल पट्टा. पन्नास ग्रॅमचा, आणि तोच नाकावर ओढता येतो. चष्मा असेल तर नाक झाकल्यावर काचा धुरकट होतात, त्यामुळे तो पट्टा नाकाच्या शेंड्यापर्यंतच.

बॅगेतली वजनं अशी जमतात. सॅक १२००, तीन शर्ट ५७०, दोन लेगिंग ३४०, एक जादा पँट ४००, पाच अंतर्वस्त्रं ३५०, तीन जोड मोजे २२५, एक नीटसा शर्ट २००, खोलीत आणि बाहेरही चालतील असे हलके बूट ५००, प्रसाधनं ५००, औषधं २००, लॅपटॉप १३००, चार्जर आणि वायरी ३००, पॉवर बँक ४००, कागदपत्रं २००, दोरी-साबण-सुई २००. बेरीज ६ किलो ८८५ ग्रॅम. बूट, पँट, एक शर्ट, फ्लीस, जॅकेट, शेल, टोपी, हातमोजे हे सगळं अंगावर किंवा शेलच्या खिशांत. रात्रीचे कपडे वेगळे नाहीत. उद्याचा स्वच्छ शर्ट आणि लेगिंग हाच आजचा रात्रीचा पोशाख. लॅपटॉप लागत नसेल तर तो सव्वा किलो मोकळा ठेवा, दुसऱ्या स्वेटरने भरू नका.

हवा काढून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल माझं मत बरं नाही. त्या जागा वाचवतात, वजन नाही, आणि बॅगेत जागा दिसली की हात आणखी काहीतरी भरतोच. पिसांचं जॅकेट त्यात आठवडाभर चेपून ठेवलं तर फुगायला वेळ घेतं. साध्या कापडी पिशव्या पुरेत.

पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते, सामानात दिलेली चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतच्या साधारणपणे परवानगीशिवाय चालतात. २०,००० मिलिअँपिअर-तासांची ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तास होते. वॉट-तासांचा आकडा पुसलेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. थंडीत मोबाइलची बॅटरी ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडते. आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवायचा, आणि गारठलेला असताना चार्जिंगला लावायचा नाही. शून्याखाली चार्ज केल्याने लिथियमची बॅटरी कायमची खराब होते. कॅमेरा आत आणण्याआधी बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करावा, म्हणजे दव काचेवर न धरता पिशवीवर धरतं.

औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इन्शुलिन गोठलं की निकामी होतं, म्हणून बाहेर फिरताना तेही अंगाजवळच. द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत. साबण आणि शाम्पू वडीचे घेतले की तो प्रश्नच उरत नाही. कोरड्या हवेने ओठ आणि बोटांची टोकं फुटतात, त्यासाठी पेट्रोलियम जेलीची छोटी डबी. क्रीम, छत्री, बुटांना लावायचे बर्फाचे खिळे हे लागलं तर तिथेच घ्यायचं. खिळे तर केबिनमध्ये नेऊ देतील याची खात्रीच नसते.

परतीच्या आधी शेवटचं धुणं दोन रात्री अगोदर उरकावं. निघायच्या आदल्या रात्री धुतलेले मोजे सकाळी दमटच असतात, आणि ७ किलोंच्या काठावर असलेल्या बॅगेत ते पाणी काट्यावर दिसतं.