लोणी कढेपर्यंत

दुपारी तीनच्या सुमाराला, जेवणाची भांडी घासून पालथी पडलेली असताना, जिन्यात कुठल्या तरी मजल्यावरून बेरीचा, म्हणजे तूप कढवताना तळाशी भाजल्या जाणाऱ्या गाळाचा, वास येतो. त्या घराची बेल वाजवायची ती वेळ नव्हे. शेवटची चार-पाच मिनिटं कढवणाऱ्याला शेगडीपासून हलता येत नाही. स्वयंपाकघरातल्या बाकीच्या कामांना शिट्टी आहे, टायमर आहे, आपोआप बंद होणारं बटण आहे. तुपाला अजून माणूसच लागतो.

कर्ज काढा पण तूप प्या, हा सल्ला चार्वाकाच्या नावावर चालतो. सुख कशात असतं हे सांगताना त्याला हत्ती, महाल, सोनंनाणं सुचलं नाही, तूप सुचलं, हे फार बरं झालं. फक्त त्याने भर पिण्यावर दिला. घरच्या तुपाचं निम्मं सुख बरणी भरण्याआधीच उपभोगून झालेलं असतं, आणि त्याला कर्जही लागत नाही. रोजच्या दुधावरची साय पुरते.

अर्थात साय यायला दूध तसं हवं. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३. म्हणजे लीटरभर फुल क्रीममध्ये साठेक ग्रॅम, आणि तोही सगळा सायीत उतरत नाही. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असं छापलेलं असेल तर नादच सोडावा. त्यातले स्निग्ध कण फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर यायचं नावच घेत नाहीत. दुधाला उकळी आली की आच मंद करून चार-पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग उतरवून जाळीचं झाकण घालायचं. घट्ट झाकण घातलं तर वाफेचं पाणी ठिबकून साय फाटते. गार झाल्यावर रात्रभर फ्रिज. सकाळी कडेने चमचा फिरवला की साय भाकरीसारखी अख्खी उचलली जाते. ही एवढी गोष्ट नीट झाली तरी काही माणसांचा दिवस बरा जातो.

सायीच्या डब्यावरून घराघरांत दोन पंथ आहेत. एक पंथ डब्याच्या तळाशी पहिल्याच दिवशी चमचाभर दही घालतो आणि रोजची साय त्यावर चढवत जातो. दुसरा साय फ्रीझरमध्ये गोठवतो आणि शेवटी एकदम विरजतो. दोन्ही चालतं. चालत नाही ते तिसरं: विरजणही नाही, फ्रीझरही नाही, नुसता डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दहा-बारा दिवस. फ्रिजच्या थंडीतही वाढणारे जिवाणू असतात, ते स्निग्धांश फोडतात आणि साय कडवट होते. मग लोणी कितीही धुवा, पान घाला, मीठ घाला, तूप कडूच राहतं.

गोठवलेली साय पूर्ण सुटू द्यावी, जेमतेम कोमट करावी आणि लीटरभर सायीला दोन चमचे दही घालून ढवळावं. उन्हाळ्यात आठ तासांत काम होतं, थंडीत रात्र पुरत नाही. विरजलेली साय घुसळण्याआधी दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवावी, कारण इथून पुढे सगळा खेळ तापमानाचा आहे. १० ते १४ अंशांत लोणी झटकन येतं. त्याहून गरम असेल तर स्निग्धांश मऊ पडून ताकातच मिसळून राहतो. फार गार असेल तर कण एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून मे महिन्यात बर्फ घालायचा आणि जानेवारीत कोमट पाण्याचा हबका मारायचा. लोणी येत नाही म्हणून चिडून घुसळत राहणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण घुसळण्यानेही ते तापतंच. भांडं तासभर फ्रिजमध्ये ठेवून दुसरं काही काम करावं.

मिक्सरला नाक मुरडणारे लोक असतात. मुरडू नये. वीस-वीस सेकंद थांबत थांबत फिरवलं तर मिक्सरही उत्तम लोणी देतो. रवीने मात्र लोणी येताना हाताला कळतं. आधी फेस, मग साय फुगून जड, आणखी जड, आता रवी अडकणार असं वाटतं. आणि एका क्षणी सगळं सैल पडतं. कणांभोवतीची आवरणं फुटून स्निग्धांश एकत्र येतो, ताक सुटं होतं, मोहरीएवढे दाणे तरंगू लागतात. कितीही वर्षं घुसळलेला माणूस त्या क्षणी मान पुढे काढून भांड्यात डोकावतोच.

लोणी गार पाण्यात दोनदा-तीनदा धुवायचं, पाणी नितळ होईपर्यंत. ताक राहिलं तर फेस उतू जातो, बेरी जास्त निघते आणि लवकर करपते. गोळा हातात आला की घरातलं लहान मूल कुठूनही हजर होतं. त्याच्या तळव्यावर सुपारीएवढं लोणी ठेवल्याशिवाय पुढचं काम करू नये, हा नियम कुठे लिहिलेला नाही.

आता कढवणं. जाड बुडाचं पातेलं, तेही निम्म्याहून जास्त भरायचं नाही. लोण्यात साधारण १५ ते २० टक्के पाणी असतं आणि आधी ते जायला हवं. अर्ध्या किलो लोण्याला वीस-पंचवीस मिनिटं धरावीत. लोणी वितळतं, वर पांढरा जाड फेस येतो आणि कडकड आवाज सुरू होतो. पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या आसपास अडून राहतं, त्यामुळे या काळात आच मध्यम चालते, अधूनमधून तळ खरवडला की झालं. मग आवाज विरळ होतो. इथे आच बारीक करावी आणि कान द्यावा. पाणी संपत आलं की तापमान भराभर चढतं, ११० ते १२० अंशांत बेरी रंग धरते, आणि वर दुसऱ्यांदा फेस येतो, यावेळी बारीक, दाट. पहिल्या फेसाला गॅस बंद केला तर तूप कच्चं, त्याला ताकाचा वास येतो. दुसऱ्या फेसाला मोबाइल वाजला आणि घेतला, तर तूप काळपट. बोलणारं माणूस कितीही जवळचं असो, त्याला नंतर फोन करता येतो.

विड्याच्या पानाचा तुकडा याच वेळी टाकतात. त्याचे गुण सांगणारे पुष्कळ आहेत; त्याचा रोकडा उपयोग असा की पानातलं पाणी उडून ते कुरकुरीत झालं की तूपही झालेलं असतं. बेरी फिकट बदामी असतानाच गॅस बंद करावा. पातेल्याची उष्णता पुढचं काम करते आणि दोन मिनिटांत बदामीची तांबूस होते.

तो जिनाभर जाणारा वास दुधातली प्रथिनं आणि साखर एकत्र भाजल्याचा. मायार्ड नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही प्रक्रिया मांडली. त्याच्या नशिबी बेरी-साखर होती की नाही, कोण जाणे. तूप गाळून घ्यावं, बरणी कोरडी ठणठणीत असावी, आणि काचेची असेल तर तूप थोडं निवल्यावर ओतावं. रवाळ कणी हवी असेल तर फ्रिजमध्ये घालू नये. ओट्यावर हळूहळू गार होऊ द्यावं. थंडीच्या दिवसांत बरणी फडक्यात गुंडाळतात. म्हशीच्या तुपाची कणी मोठी आणि पांढरी येते, गाईचं तूप कॅरोटीनमुळे पिवळं.

गाळणीत उरलेल्या बेरीवर चमचाभर साखर. कोणी गूळ घालतात, तेही चालेल. ती लगेच खायची, गरम असतानाच, आणि शक्यतो उभ्याने. ताटात वाढून घेतलेली बेरी कशीशीच लागते. बशीत वाटे घालताना भांडणं होतात आणि कढवणाऱ्याच्या वाट्याला चमचा चाटणं येतं, पण त्याने आधीच दोन घास लंपास केलेले असतात. तुपकट पातेल्यात पोळीची कणीक भिजवावी, म्हणजे घासायलाही सोपं.

राहता राहिलं ताक. ते भरपूर उरतं, आंबट असतं आणि एकदम कोणाला नको असतं. कढी करावी. परवाही कढीच होती असं कोणीतरी म्हणेल.