तिसरी नस

मामा मार्केट यार्डात हमाल. गुळाचे ३० किलोचे रवे उचलण्यात जन्म गेला. उजव्या जांघेतल्या हर्नियाला मी जाळी बसवली त्याला सात महिने झाले. परवा ओपीडीत आले ते पुढं वाकून. व्रणाच्या वर एक बोट टेकवून म्हणाले, "हितं कुणीतरी बिडी विझवतंय बघा डॉक्टर. धोतराची गाठ लागली तरी."

हर्निया परत आलेला नव्हता. सोनोग्राफी स्वच्छ.

ओपन ऑपरेशनमध्ये तीन नसा जपायच्या. इलिओइंग्विनल कॉर्डवर, म्हणजे अंडकोषाकडं जाणाऱ्या नळ्यांच्या जुडीवर, बाहेरच्या चकचकीत पडद्याच्या लगेच खाली. पडदा उघडताना कात्री घाईनं सरकली की गेलीच. मामांची ती शेवईसारखी नस मी अलगद सोडवून बाजूला घेतली होती, अजून डोळ्यासमोर आहे. जेनायटल फांदी कॉर्डच्या मागून जाते, सोबतच्या निळ्या शिरेवरून हुडकायची. तीही दिसली. इलिओहायपोगॅस्ट्रिक मात्र लबाड. तिचा काही भाग स्नायूच्या आतून जातो, वरून दिसत नाही, आणि जाळीची वरची कड त्याच स्नायूला शिवायची असते.

हर्नियाच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ऑपरेशननंतर तीन महिन्यांपुढं टिकणाऱ्या, त्रासदायक दुखण्याचं प्रमाण १० ते १२ टक्के दिलंय. संमतीपत्रात हा धोका लिहिलेला असतो. पण आपल्याकडं रक्ताची ती शीर आणि संवेदनेची तीही शीरच. "शीर दुखावू शकते" म्हटल्यावर मामांनी विचारलं होतं, "मग रक्त द्यायला दोन पोरं आणू?" मी हसलो. समजावलं नाही, बाहेर बाकडं भरलं होतं.

परवा कमरेच्या हाडाच्या टोकापाशी भुलीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं मामा ताठ उभे राहिले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, वर मलाच म्हणाले, "झालं की! उगंच घाबरलासा." म्हणजे दुखणं नसेचंच. संध्याकाळी सातला फोन आला, परत सुरू झालंय.

रात्री जुनी फाईल काढली. 'तिन्ही नसा ओळखून जपल्या.' हे वाक्य आमच्याकडं टाइप करूनच ठेवलेलं असतं, नाव-तारीख तेवढी बदलायची. खाली सही माझी. मला दोनच आठवतात.

सोमवारी मामांना बोलावलंय. गोळ्यांनी भागलं नाही तर नस कापावी लागेल, तेवढी जागा बधीर राहील, हे सांगायचंय. त्याआधी ते वाक्य दाखवायचंय.